पसंतीची जागा

“आणि ही, शहाबाबा? ही कुणाची?”

मुनीर परकार धापा टाकत होता. हा चिपळूणचा गृहस्थ कुठल्याही शहरात उतरला की आधी तिथलं जुनं कबरस्तान गाठायचा. लोक किल्ला बघतात, बाजार बघतात, ह्याला कबरी. दख्खनच्या या शहरात तर त्याला घबाडच सापडलं होतं. सकाळपासून तो या घुमटाखालून त्या घुमटाखाली नुसता पळत होता.

खरं काम वेगळंच होतं. त्याला शहाबाबांचा मुरीद, म्हणजे शिष्य, व्हायचं होतं. फकिरानं हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. “आधी हिंडून ये,” एवढंच.

“सांगा ना, कुणाची?”

कडुनिंबाखालची साधी कबर. ना नाव, ना चादर. वर नुसती फरशी.

“तुला काय वाटतं?”

“फार मोठा माणूस असणार! हे बघा, अंगावर काटा आलाय. तिकडे सुलतानांपाशीसुद्धा नाही आला!”

परकारनं डोळे मिटून मृतासाठी फातेहा पढला. त्याला भरून आलं.

“आता तरी पटलं ना, बाबा? मरणाची भीती माझी केव्हाच गेली. मला पदरात घ्या.”

बाबांनी फरशीवरचा पाला झटकला.

तेवढ्यात एक बाई रिकामी पिशवी घेऊन आली. “बाबा, घरात दाणा नाही.”

बाबांनी फरशी सरकवली. आत ज्वारी होती, काठोकाठ.

“कबरीत ज्वारी!” परकार ओरडलाच. “आणि मी फातेहा पढला!”

“वाया नाही गेला. कबर माझीच आहे ती.”

“तुमची?”

“फकिरानं आपली कबर जितेपणीच बांधून ठेवायची, ही आमची रीत. पण मी येईपर्यंत रिकामी कशाला ठेवायची?”

परकार ओशाळला. मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. बाह्या सरसावून तो वाकला आणि ओंजळीओंजळीनं बाईची पिशवी भरू लागला. कपडे धुळीनं माखले. इतका आनंद त्याला कुठल्याच घुमटाखाली झाला नव्हता.

बाई दुवा देऊन गेली. फरशी पुन्हा बसवताना परकारच्या मनात आलं, ते त्यानं विचारूनच टाकलं.

“पण शहाबाबा, तुम्ही हिच्यात निजलात, की मग ज्वारी कुठं ठेवायची?”

बाबांचा चेहरा एकदम खुलला. ते लगबगीनं उठले, भिंतीला टेकवलेली कुदळ घेऊन आले आणि त्यांनी ती परकारच्या हातात दिली.

परकार कुदळीकडे बघत राहिला.

“बाबा... म्हणजे...”

“एवढी कबरस्तानं पालथी घातलीस,” बाबा म्हणाले. “जागा कुठली पसंत पडली?”