समोरची नळी

काचेच्या नळ्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये एका तान्ह्या बाळाचं रक्त आलं. मोठ्या मुश्किलीने मिळालेलं. पुन्हा टोचायचा कुणाला धीर नव्हता.

हेमलताताईंनी ती नळी गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवली आणि समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली.

"तू कोण गं? ना नाव, ना रिपोर्ट. उतर!" रक्ताची नळी म्हणाली.

"उतरते की. पण मग तोल जाऊन यंत्र हादरेल, तू फुटशील आणि बाळाला पुन्हा टोचतील."

यंत्र सुरू झालं.

"भीती वाटतेय गं," रक्ताची नळी म्हणाली.

"माझ्याकडे बघ. मी समोरच आहे."

यंत्र थांबलं. ताईंनी रक्ताची नळी अलगद उचलली.

"हिलाही घ्या ना, ताई."

"तिला राहू दे, बाई. पुढची नळीही एकटीच आलीय."