बुधाजीने खार घराबाहेर काढली

सांगता तुम्ही अर्धं. उरलेलं अर्धं समोरच्याने ओळखावं, अशी तुमची अपेक्षा. आणि त्याने सांगितलं तेवढंच केलं, की मूर्ख ठरतो तो. तुम्ही शहाणेच राहता.

तर एका कौलारू गावात असाच एक भोळा माणूस होता. नाव बुधाजी. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरी अडचण तीच होती.

बुधाजीची मुलगी मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या सासूबाईंना, म्हणजे शेवंताबाईंना, ते काही पसंत नव्हतं. "आधी घर बघेन. ठीक वाटलं तर सून ठेवीन, नाहीतर बाळंतपण आमच्याकडेच," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं.

म्हणून बुधाजीची बायको सरू माळ्यावरचा पाळणा काढायला चढली आणि रिकाम्या हाताने खाली आली. पाळण्यात खारीने बिऱ्हाड थाटलं होतं. उशीतला कापूस उपसून गादी केली होती आणि गादीवर पिल्लं होती.

गावातल्या जाणत्या मंडळींनी लगेच उपाय सुचवले. कोणी म्हणालं विषाच्या गोळ्या, कोणी म्हणालं चिकट पुठ्ठा, कोणी म्हणालं सरळ गलोल घ्या. त्यांच्यापैकी एकालाही गावाने कधी मूर्ख म्हटलं नाही.

सरू म्हणाली, "लेकुरवाळी आहे ती. मारायचं नाही. वाट मोकळी करा, लांब जाऊन गप्प बसा. आपणहून जाईल."

बुधाजीने एक कौल काढलं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन गप्प बसला. खार काही गेली नाही. तेवढ्यात शेजाऱ्याची गाय परसात शिरली. बुधाजी उठला, फाटक सताड उघडलं आणि पुन्हा लांब जाऊन गप्प बसला. गाय आपणहून गेली. सरूचा लाल माठाच्या भाजीचा वाफा संपल्यावर.

"अहो, बघत काय बसलात?"

"वाट मोकळी केली होती की."

"खारीची गोष्ट वेगळी! न विचारता कोणी आत घुसलं तर डबा वाजवायचा. हैक हैक करून हाकलायचं."

"असं होय. मग तसं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई घर बघायला आल्या. न विचारता आल्या. बुधाजीने तेलाचा रिकामा डबा घेतला आणि हैक हैक करत विहीणबाईंना एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवलं. सरू ओल्या हातांनी मागे धावली. तिने पाया पडून कशीबशी समजूत घातली.

"मंदाला घेऊन येते," शेवंताबाई म्हणाल्या. "पण पुन्हा असलं काही दिसलं ना, तर तिला घेऊन त्याच पावली परत."

घरी येऊन सरूने कपाळाला हात लावला. "अहो, दारी आलेल्याला पाट द्यायचा. गूळपाणी द्यायचं. आपलंच घर समजा, राहा चार दिवस, असं म्हणायचं."

"हे तू काल का नाही बोललीस?" बुधाजी म्हणाला. तो पाट, गूळ आणि तांब्या घेऊन माळ्यावर चढला. खारीपुढे पाट मांडला, हात जोडले. "आपलंच घर समजा. राहा चार दिवस."

असं आपण सगळेच म्हणतो. बुधाजी ते मनापासून म्हणाला, एवढाच फरक. संध्याकाळी गुळाच्या वासाने आणखी एक खार राहायला आली.

आता सरूने हात टेकले. "आपलं काम नाही हे. जाणकार माणूस बोलवा. तालुक्याचे सर्पमित्र आहेत ना, इरफान, ते खारीही सोडवतात."

बुधाजीने फोन लावला. "आमच्याकडे साप नाही हो. चालेल का?"

"चालेल काका."

"नाहीतर बघतो कुठे मिळाला तर."

"नको काका! मी निघालोच."

इरफानने फणसावर उंच एक लाकडी खोकं बांधलं. पाळण्यातला कापूस पिल्लांसकट अलगद उचलून त्यात ठेवला. "आईला स्वतःचा वास ओळखता येतो. तीच येऊन त्यांना सांभाळेल. फक्त आपण लांब राहायचं, बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. नाहीतर बिचकते." मग त्याने कौलातल्या भोकाला पत्र्याची झडप लावली. आतून ढकलली की उघडायची, बाहेरून ढकलली की घट्ट बसायची. "आतलं बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही. परवा येऊन कौल बसवतो. तोवर या झडपेला हात लावू नका."

दुपारपर्यंत दोन्ही खारी बाहेर. आई फणसावर पिल्लांजवळ. सरूने पाळणा उतरवला, धुतला, वाळवला. आणि बोलू नये ते बोलली.

"बघा, लेकुरवाळीची सोय अशी करतात. शिका जरा."

बुधाजी शिकला.

दुसऱ्या दिवशी मंदाला आणायला थांब्यावर जाताना सरू म्हणाली, "मंदा अवघडलेली आहे. मी येईपर्यंत तिची सगळी सोय करून ठेवा."

बुधाजीने कंबर कसली. पाळणा दोराने फणसावर चढवला, खारीच्या खोक्याच्या शेजारीच. त्यात मंदाची जुनी गोधडी घातली, वास ओळखायला. मागच्या दाराला आतून कडी घातली. पुढच्या दारासाठी गोठ्याचा पत्रा काढला. नमुना हवा म्हणून भोकावरची झडप उतरवली. हात लावू नका म्हटलं होतं, म्हणून पकडीने उतरवली. मग तशीच मोठी झडप दाराला ठोकली, बोट घालायलाही फट न ठेवता. नीट चालते का ते बघायला आतून ढकलून बाहेर आला. चालत होती. समाधानाने तो गवताच्या उडवीमागे जाऊन गप्प बसला.

भोक उघडं दिसताच खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून माळ्यावर परत नेलं.

रिक्षा दारात थांबली. सरू उतरली, शेवंताबाई उतरल्या, त्यांच्या खांद्याला धरून मंदा उतरली. सरूने दार ढकललं. पत्रा घट्ट बसला. पुन्हा ढकललं. आणखी घट्ट बसला.

"बाबा!" मंदाने हाक मारली. "बाबा, कंबर दुखतेय माझी! कुठे आहात?"

उडवीमागून एक डोकं वर आलं. बुधाजीने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फणसाचा शेंडा दाखवला. तिथे पाळणा झुलत होता. मग लेक बिचकू नये म्हणून डोकं पुन्हा खाली गेलं.

घराच्या कौलातून खारीने बाहेर डोकावून बघितलं आणि ती आत गेली.

शेवंताबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग फणसाकडे, मग उडवीकडे. मंदाला दंडाला धरून त्यांनी पुन्हा रिक्षात बसवलं. स्वतः चढता चढता सरूला म्हणाल्या,

"मागच्या वेळी डबा वाजवला, तेच बरं होतं हो विहीणबाई. निदान जा म्हणतायत, एवढं तरी कळत होतं."