बारा बोरू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. एका माळाच्या कडेला एक म्हातारा धनगर आपल्या नातीबरोबर राहत होता. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. चाळीस वर्षांत त्याच्या कातरीने एकाही मेंढीच्या अंगावर ओरखडा काढला नव्हता.

नात गावातल्या पंतोजींच्या शाळेत जायची. तिथली रीत अशी होती, की पहिलं वर्षभर मुलांनी धुळीत बोटाने अक्षरं गिरवायची. दसऱ्याला शाळेचं नवं वर्ष लागलं, की त्यांच्या हाती कागद आणि बोरू यायचा. बोरू ज्याचा त्याने तासायचा. ज्याला ते जमणार नाही, त्याने आणखी एक वर्ष लहान मुलांबरोबर धुळीत बसायचं.

दसरा आठ दिवसांवर आला, तसा म्हातारा तयारीला लागला. त्याने लोकरीची पिशवी विणली. काजळ घोटून शाई केली. ओढ्याकाठचे बोरू तोडून आणून उन्हात वाळवले. नातीने सुरी मागितली, तेव्हा मात्र तो नको म्हणाला. सुरीला धार होती आणि पोरीची बोटं कोवळी होती. त्याने स्वतःच बारा बोरू तासले, एकासारखा एक.

शेजारची बुरुडीण टोपली विणता विणता हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, शाळेत बसायलाही तुम्हीच जाणार वाटतं."

म्हातारा हसून बोरू पिशवीत भरू लागला. धनगराची काठी एकदा तासली की जन्मभर पुरते, मग बारा बोरू एक वर्ष का पुरू नयेत, असं त्याला वाटत होतं. त्याने उभ्या आयुष्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिता लिहिता बोरूचं टोक झिजतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पोर दाबून लिहायची. नवव्या दिवशी बारावा बोरूही बोथट झाला. पंतोजींनी तिच्यापुढे सुरी ठेवली. ती कशी धरायची तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी म्हातारा नवे बोरू घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. पंतोजींनी ते हातात घेऊन नीट पाहिले आणि परत केले.

"बोरू छान आहेत," ते म्हणाले, "पण हे तुमचे आहेत. तीन दिवस देतो. चौथ्या दिवशी तिने माझ्यासमोर तासावा, नाहीतर धुळीत बसावं."

म्हातारा घरी आला. पहिल्या दिवशी त्याने सुरी दिली नाही. दुसऱ्या दिवशीही उद्या बघू म्हणाला. पोर रडली नाही, पण जेवलीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मेंढी व्याली. ओलं कोकरू उठायला बघत होतं आणि तोंडावर पडत होतं. नात त्याला उचलायला धावली. म्हाताऱ्याने तिचा हात धरला.

"हात लावू नको, बाय. आपण उचललं तर त्याचे पाय कच्चे राहतात."

नात थांबली. कोकरू पुन्हा पडलं. तिने आजोबांकडे पाहिलं.

"मग आज्या, मला सुरी का देत नाहीस?"

म्हाताऱ्याने तिचा हात सोडला. मग त्याने कमरेची सुरी काढून तिच्या हातात दिली, कशी धरायची ते एकदा दाखवलं आणि समोर बसला. आपले हात आपोआप पुढे जातील, म्हणून त्याने ते मांडीखाली दाबून ठेवले.

पहिला बोरू चिरफाळला. दुसरा मोडला. तिसऱ्याला अंगठा कापला आणि रक्त आलं. म्हातारा अर्धवट उठला, आणि पुन्हा बसला. पोरीने अंगठा तोंडात घातला, थोडं थांबली आणि चौथा बोरू उचलला. दिवस मावळेपर्यंत दारात ढलप्यांचा ढीग पडला.

चौथ्या दिवशी तिने पंतोजींसमोर बोरू तासला. त्याचं टोक ओबडधोबड होतं. पंतोजींनी तो शाईत बुडवून एक अक्षर काढलं. अक्षर एका अंगाला जाड आलं. त्यांनी बोरू तिच्या हाती दिला आणि कागदावर लिहिणाऱ्या मुलांच्या ओळीकडे बोट दाखवलं. ती तिथे जाऊन बसली, आणि पुन्हा कधी धुळीकडे परतली नाही.

म्हाताऱ्याने आपली सुरी मात्र तिच्याकडून परत मागितली नाही.

तात्पर्य: लेकराची तयारी करायची तर काम त्याच्या हाती द्यावं आणि आपले हात आवरून जवळ बसावं.