फक्त वरचा पदर

झाडांभोवती कुंपणं पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका बाभळीवर कोळीमावशीने अंड्यांसाठी कोश विणला. आत कापसासारखा मऊ थर, बाहेर जाड, चिवट आवरण. हा धागा जाळ्याचा नव्हता. तो तिच्या पोटात अंड्यांपुरताच तयार होई.

शिंजीर नावाची चिमुकली पक्षीण घरट्यासाठी रोज तिच्या जाळ्यातले धागे नेई आणि मावशी मुकाट्याने नवं जाळं विणे. त्या दिवशी मात्र पक्षिणीने कोशालाच चोच लावली.

"त्याला शिवू नकोस!" मावशी ओरडली.

"अगं, फक्त वरचा पदर नेते. माझ्या पिल्लांना घरटं नको का?"

"आणि आत माझी कोण आहेत?"

"एवढा काय मेला हट्ट!" वरच्या फांदीवरून खार म्हणाली. "रोज विणतेस की! आणखी एक विण."

"जाळं रोज विणते. हे पुन्हा नाही होणार माझ्याच्याने."

पक्षिणीने आवरण ओरबाडून नेलंच. दुपारी त्या फटीतून मुंग्या शिरल्या. मावशी एकटी झुंजली, तरी अर्धी अंडी गेली.

उरलेल्या अंड्यांभोवती तिने जाळ्याचा चिकट धागा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पक्षीण पुन्हा आली आणि तिची चोच अडकली. तिने किंकाळी फोडताच सगळं झाड धावलं. खारीने धागे कुरतडून तिला सोडवलं. त्यात कोश आणखी फाटला, पण तिकडे कोणी पाहिलंही नाही.

"किती दुष्ट ही!" सगळे एका सुरात म्हणाले.

मावशी फाटक्या कोशावर आठही पाय रोवून उभी राहिली. "काल मुंग्या आल्या, तेव्हा मीही अशीच ओरडत होते. तेव्हा कुठे मेला होतात सगळे?"