सदूशेठच्या पोटाचं माप

एका गावात एक शिंपीण होती. गावातल्या झाडून साऱ्या बायकांची मापं तिच्याकडं होती, पण त्यातलं एकही तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. नाव कौसल्या पतंगे. नुसत्या नावानं हाक मारायची हिंमत फक्त तिच्या सासूत होती, आणि ती देवाघरी गेली. बाकी सगळ्यांची ती कौसाआक्का.

बाई वय चोरेल, माहेरची शेती दुप्पट करून सांगेल, पण टेपेपुढं काय सांगणार? टेप अंगाला लागली की पाटलीण असो नाहीतर भाजीवाली, सगळ्या खऱ्यावर येतात. म्हणून टेप गुंडाळताना आक्का दर वेळी म्हणायची, "माप माझ्या पोटात. मेले तरी बाहेर यायचं नाही." ते ऐकलं की बायका ओढून धरलेला श्वास सोडायच्या.

पूर्वी ही मापं एका जाड वहीत असत. एके दिवशी शेजारच्या शेळीनं वही गाठली आणि निम्मं गाव चघळून खाल्लं. उरलेल्या पानांचे आक्कानं मोबाईलवर फोटो काढले. पुढं नवी मापंही त्यातच टिपायला लागली. बाईच्या अंगावर कच्चा ब्लाऊज चढवला की पुढून एक, पाठीमागून एक, असे फोटोही घ्यायला लागली. चुणी कुठं पडते ते मागाहून निवांत बघता येतं. बायकाही काढू द्यायच्या. आक्का म्हणजे आईच की!

त्यात एक फोटो वृषालीचा होता. तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडून तिची पाठ भाजली होती, त्याची खूण मानेखालपर्यंत पसरलेली. होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः सांगितलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गावाला कशाला सांगायचं? ती आक्काला म्हणाली होती, "मांडवात सगळे माझ्या पाठीमागं उभे राहणार. कुणी बघून च्यक च्यक केलेलं मला चालायचं नाही, आक्का."

"बघू देत की," आक्का म्हणाली होती. "पाठीवर असं कमळ भरते की माना मोडतील."

पाठीचा फोटो घेऊन कमळाची पाकळी न् पाकळी कुठं बसवायची ते आक्कानं मोबाईलवरच बोटानं आखलं. वृषाली मामाच्या गावाला गेली, ती हळदीच्या आदल्या दिवशीच परत यायची होती. सगळं कसं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

आणि मग घोटाळा झाला. अस्तराचं कापड शिवायच्या आधी पाण्यात भिजवून घ्यावं लागतं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि शिव्या शिंपिणीला बसतात. आक्का घमेल्यात अस्तर दाबायला वाकली आणि कंबरेला खोचलेला मोबाईल अस्तराच्या आधी बुडाला. बाहेर काढला तर काच काळी ठिक्कर.

गावात मोबाईल दुरुस्त करणारा एकच, सदूशेठ. हात सोन्याचा. मेलेला फोन त्याच्यापुढं ठेवला की उठून बसायचा. पण त्याच्या दुकानाची एक रीत होती. फोन आला की तो पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावायचा, त्यावर नऊ ठिपके काढायचा, आणि गिऱ्हाइकानं आपला पॅटर्न त्यावर रांगोळीसारखा ओढून द्यायचा. मग तो फोन काउंटरवरच्या चहाच्या ट्रेमध्ये, उघड्यावर. जी माणसं घराला दोन दोन कुलपं घालून किल्ली कडोसरीला खोचून फिरायची, ती इथं किल्ली कुलपालाच चिकटवून जायची. आणि वर म्हणायची, "सावकाश करा शेठ, गडबड नाही."

सदूशेठनं आक्काचा फोन उलटासुलटा केला. "काच बदलावी लागंल. तीन दिवस. पॅटर्न ओढा आक्का."

आक्कानं पेन घेतलं. दोन ठिपके जोडले. तेवढ्यात सदूशेठनं ट्रेमधला एक फोन उचलला आणि दुकानातल्या चार माणसांपुढं धरला. "हे बघा! आपले हेडमास्तर, टोपाशिवाय!"

फोटोत मास्तर आरशापुढं उभे. केसांचा टोप मागं खुंटीवर, आणि डोकं दिवाळीत घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत. दुकान हसलं. सगळ्यात जास्त आक्काच हसली, खोटं कशाला सांगा? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पदरानं डोळे पुसले, पेन तिसऱ्या ठिपक्यावर टेकलं, आणि हसू तिथंच थांबलं. गेले आठ दिवस मास्तर शाळेत कानटोपी घालून का येतात, ते तिला आत्ता कळलं.

"मास्तरांच्या फोनला काय झालंय?" तिनं विचारलं.

"स्पीकर खरखरतोय."

"स्पीकर फोटोत असतो होय?"

"चेक करावं लागतं आक्का. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

आक्कानं पेन खाली ठेवलं. चिकटपट्टी नखानं खरवडून काढली आणि फोन परत कंबरेला खोचला.

"रागावला काय? आईशप्पथ, तुमचा उघडून बघत नाही मी!" सदूशेठ मागनं ओरडला.

घरी नवरा म्हैपती वाटच बघत होता. लग्नसराई तोंडावर, छत्तीस ब्लाऊज अडकलेले. "द्यायचा की पॅटर्न," तो म्हणाला. "तुझ्या फोनात काय सरकारी गुपित हाय? कुणाची कंबर नि कुणाची बाही."

"माझं असतं तर दिलं असतं," आक्का म्हणाली. "माझं नाही, म्हणून देत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती टेप गळ्यात घालून घरोघर फिरली. छत्तीस बायकांची मापं नव्यानं घ्यायची म्हणजे चेष्टा नाही. टाचा फुटल्या.

"आक्का, आत्ता परवाच तर घेतलंत माप!" पोलीसपाटलीण वच्छलाकाकू म्हणाली.

"परवापासून जेवली नाहीस का तू?" आक्का म्हणाली. "हात वर कर."

पस्तीस मापं झाली. छत्तिसावं राहिलं, वृषालीचं. ती मामाकडं, आणि कमळ त्या काळ्या काचेच्या आत. फोन दुरुस्त झाल्याशिवाय ते बाहेर यायचं नव्हतं. तालुक्याला जावं तर तिथल्या दुकानातही चिकटपट्टी असणारच. शिवाय सदूशेठ शपथ घेऊन सांगत होता. मास्तरांची त्यानं थट्टा केली असेल, पण आपलं खरंच बघणार नसेल तर? नुसत्या संशयावरून माणसाला चोर म्हणू नये. तो किती चोर आहे ते मापून बघावं. शिंपिणीला दुसरं येतं काय?

म्हैपतीचा एक जुना फोन होता. वायर हातानं दाबून धरली तरच तो चार्ज व्हायचा. आक्कानं त्यातलं सगळं पुसून टाकलं. म्हैपतीनं जिवापाड जपलेले सतराशे 'शुभ सकाळ' गेले. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग आक्कानं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गुप्त. कुणाला दाखवू नये. सदूशेठ मोबाईलवाले. नजरेनं घेतलेलं माप. छाती छत्तीस. पोट बावन्न.' त्या कागदाचा त्याच फोनवर फोटो काढला. एवढा एकच फोटो आत ठेवून ती दुकानात गेली.

"चार्जिंग होत नाही. वायर खोचायची जागा तेवढी बदला."

"पॅटर्न ओढा."

"जागा बदलायला पॅटर्न कशाला लागतो, शेठ?"

"रीत हाय आपली."

"आत काही बघत नाही ना?"

"आईशप्पथ!"

आक्कानं गुमान पॅटर्न ओढला, रांगोळीसारखा, आणि घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा चांगली सात-आठ माणसं होती. वच्छलाकाकू होती. कोपऱ्यात कानटोपीतले हेडमास्तर आपल्या स्पीकरची वाट बघत होते. एरवी गाणी गुणगुणणारा सदूशेठ आज मुका झाला होता. त्यानं खाली मान घालून फोन पुढं सरकवला. आणि आक्काच्या सराईत डोळ्यांना एक गोष्ट लगेच दिसली. गड्यानं पोट आत ओढून धरलं होतं. श्वास घेत नव्हता. चेहरा वांग्यासारखा जांभळा पडलेला.

आक्कानं फोन घेतला, नजर सदूशेठच्या छातीवरनं सावकाश खाली नेली, मान हलवली, आणि गळ्यातली टेप काढून बोटावर गुंडाळायला लागली. एक वेढा. दोन वेढे.

"बेचाळीस!" सदूशेठ फुटला. पोटही सुटलं. "बेचाळीस हाय आक्का! बावन्न कुठनं काढलंत? घरी टेप लावून बघितलं मी!"

दुकानातल्या साऱ्या माना त्याच्याकडं वळल्या.

"कसलं बावन्न, शेठ?" आक्कानं विचारलं.

"ते... तुम्हीच लिहिलंय की!"

"कुठं?"

सदूशेठचं बोट फोनकडं गेलं आणि अर्ध्यातनंच मागं आलं. आपल्या टोपाची गोष्ट गावात कुठनं फुटली, ते सगळ्यात आधी कळलं हेडमास्तरांना. ते उठले, ट्रेमधला आपला फोन उचलला आणि पाठीवरची पट्टी हळूहळू सोलली. शाळेत त्यांनीच सदूला बाराखडी शिकवली होती. "सदानंद," ते म्हणाले, "स्पीकर राहू दे. खरखर चालेल मला." मग वच्छलाकाकूचा हात ट्रेमध्ये गेला. मग सगळ्यांचेच गेले. घटकाभरात ट्रेमध्ये नुसते चहाचे डाग उरले.

सदूशेठ मटकन खाली बसला. "आक्का, मला गावातनं उठवता काय?"

"उठवायचं असतं तर कागद चावडीवर लावला असता," आक्का म्हणाली. "तुझा हात सोन्याचा आहे, सदू. डोळे तेवढे भंगारातले आहेत. मास्तरांच्या पाया पड आधी."

तो पाया पडला. मास्तरांनी त्याला उठवलं, कान मात्र सोडला नाही.

मग आक्कानं स्टूल ओढलं आणि काउंटरला गुडघे टेकवून बसली. कंबरेचा काळा फोन काढून पुढं ठेवला. "हा माझ्यापुढं उघडायचा. सिमकार्ड आधी माझ्या हातात द्यायचं. आणि काच बसली की पॅटर्न मी काढणार, माझ्या बोटानं, पदराआड."

"तीन तास लागतील आक्का."

"काज-बटणं घेऊन आलेय मी," आक्का म्हणाली आणि पिशवीतनं सुई काढली.

तीन तास ती तिथं बसली. चहा आला, नको म्हणाली. म्हैपती जेवायला बोलवायला आला, त्यालाही नको म्हणाली. बारा ब्लाऊजची काजं झाली, तेव्हा काच उजळली. पदराआड पॅटर्न काढून तिनं बघितलं. कमळ जागच्या जागी होतं. घरी जाऊन तिनं ते कागदावर उतरवलं, आणि बायकांचे सगळे फोटो एकेक करून कायमचे पुसले. नवी वही आणली. त्यात नावं लिहिली नाहीत, फुलं लिहिली: जाई, शेवंती, गुलबक्षी. कुठलं फूल कोण ते फक्त आक्काला माहीत. आता शेळीनं खाल्ली तरी शेळीला काही कळायचं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी वृषाली आली, तेव्हा आक्कानं तिला सगळं खरं सांगितलं. "चूक माझीच होती पोरी. तो फोटो मी ठेवायलाच नको होता." वृषालीनं ब्लाऊजवरच्या कमळावरनं बोट फिरवलं. मग पाठ वळवून म्हणाली, "चढवा ब्लाऊज. बघू तरी माना मोडतात का."

मोडल्या. सगळा मांडव त्या कमळाकडं बघत बसला. च्यक च्यक कुणी केलं नाही.

सदूशेठनं दुकानाबाहेर एक बाकडं टाकलं आणि पाटी लावली: 'बसा. बघा. मग न्या.' चहाच्या ट्रेमध्ये आता चहा असतो. वृषालीच्या लग्नात घालायला म्हणून तो लग्नाआधीच आक्काकडं सदरा शिवायला आला होता. आक्का पुरुषांचं शिवत नसे, पण त्याचं शिवलं. दार लावून पोटाला टेप लावली, बघितली, आणि गुंडाळली. बाहेर म्हैपती टपून बसलेलाच. "किती निघालं गं? बेचाळीस का बावन्न?"

"माप माझ्या पोटात," आक्का म्हणाली.

तिनं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारून बघा, हात हलवत परत याल.

तात्पर्य: वस्तू दुरुस्तीला द्यावी, तिची किल्ली देऊ नये. उघडायचीच वेळ आली तर आपल्या हातानं उघडावी आणि शेजारी स्टूल टाकून बसावं. आणि आत दुसऱ्याचं गुपित असेल, तर कारागीर कितीही सोन्याच्या हाताचा असो, त्याचं काम संपेपर्यंत तिथनं उठू नये.