खिडकीतली पानफुटी, विहिरीतला भाऊ

एक होती बहीण, एक होता भाऊ. आई नाही, बाप नाही, दोघांना दोघंच. बहिणीचं नाव भिवरा, भावाचं हैबती. हैबती विहिरी खणायचा. जमिनीला कान लावायचा, मूठभर माती हुंगायचा आणि म्हणायचा, "इथे खणा." की तिथे पाणी लागायचंच, बरं का.

मग एकदा काय झालं, लांबच्या राजाचा निरोप आला. त्याच्या मुलखात पाऊस पडेना. नदी आटली, तळी आटली. राजवाड्यातले हत्तीसुद्धा सोंडेने नुसती धूळ उडवत उभे. राजाने सांगून पाठवलं, "हैबती, लवकर ये. तुझ्याशिवाय आमचं काही खरं नाही."

हैबतीने पहार घेतली, कुदळ घेतली. भिवरा दारात रडत उभी. "दादा, तू तिकडे बरा आहेस की नाही, मला इथे कसं कळायचं?"

तेवढ्यात एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, अंगावर हिरवं लुगडं. म्हणाली, "भूक लागली गं बाई." भिवराने डोळे पुसले आणि तिला तव्यावरची भाकरी दिली, वर लसणीची चटणी दिली. म्हातारी जेवली, पाणी प्याली आणि पदराखालून तिने काढलं एक फुटकं मडकं. मडक्यात रोप. जाड जाड पानं, पानांच्या कडांना बारीक खाचा. आपल्या खिडकीत आहे ना, तीच, पानफुटी.

"हे रोप म्हणजे तुझा भाऊ," म्हातारी म्हणाली. "याला होईल ते त्याला होईल. हे टवटवीत तोवर तो खुशाल. जप हो याला."

"डोळ्यांत तेल घालून जपीन, आजी!"

म्हातारी आणखी काहीतरी सांगणार होती. पण भिवराला धीर कुठला? ती रोप घेऊन आत पळालीसुद्धा. बाहेर येऊन बघते तर म्हातारी गेलेली. मग हैबतीने बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोही वाटेला लागला.

भिवराच्या मनात आलं, माझा दादा असा फुटक्या मडक्यात ठेवायचा? तिने आईचं तांब्याचं तपेलं काढलं. चिंचेने लखलखीत घासलं. त्यात शेतातली काळी, चिकट माती भरली आणि रोप त्यात लावलं. मडक्याला खाली भोक होतं. तपेल्याला भोक कुठलं असायला? मग तिने वरून तांब्याभर पाणी घातलं. "पी, दादा. उन्हातान्हाचा चालतोयस." संध्याकाळी आणखी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी. रोज उठून आधी पाणी, मग चूल.

तिकडे हैबती राजाच्या गावी पोचला. माती हुंगली, खणायला लागला. आधी माती, मग मुरूम, मग खडक. खाली गेला, आणखी खाली गेला. वरून बघणाऱ्याला तो मुंगीएवढा दिसायला लागला. पण पाण्याचा टिपूस नाही. आणि मग एके सकाळी कोरड्याठाक खडकातून पाणी पाझरलं.

कुठून आलं असेल? तुम्हाला कळलं ना? हो, पण तिला नव्हतं कळलं. त्यालाही नव्हतं.

गावात आनंदीआनंद झाला. ढोल वाजले, राजाने साखर वाटली. पण पाणी थांबेना. ते विहिरीच्या भिंतीत मुरलं, माती फुगली, आणि एकदम, धडाड्! विहिरीची एक बाजू खाली आली. शिडी गेली, दोर गेला. हैबतीने कशीबशी एक कपार धरली आणि तिच्यावर चढून बसला.

वरची माणसं धावली. पण काठाला पाय लावला की काठच ढासळायचा आणि माती हैबतीच्या डोक्यावर. राजा ओरडला, "मागे व्हा! पुढे गेलात तर आपल्याच हातांनी गाडाल त्याला!" मग सगळे लांब उभे राहिले. करणार काय?

आणि इकडे पानफुटीचं एक पान पिवळं पडलं.

भिवरा रोपाशी धावली. शेजारची सारजाकाकी आली, बघून म्हणाली, "अगं, तहानलंय ते. तुझा भाऊ कुठे पाण्यावाचून तडफडत असेल आणि तू बसलीस काय?" भिवराने घागर आणली आणि ओतली.

तिकडे पाणी चढलं. हैबतीच्या गुडघ्यापर्यंत आलं.

मग दुसरं पान पिवळं पडलं, तिसरं पडलं, देठ लुळा पडला. मागच्या गल्लीतली धोंडाई म्हणाली, "ऊन बाधलं त्याला. आत ने, अंधारात ठेव, गार पाणी घाल." भिवराने तपेलं उचललं, माजघरात कोपऱ्यात नेलं आणि पुन्हा घागर ओतली.

तिकडे विहिरीवर धुळीचं वादळ आलं. आभाळ दिसेनासं झालं. काळ्याकुट्ट अंधारात पाणी हैबतीच्या छातीला लागलं. तो हाका मारत होता, "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" कपार गिळगिळीत झाली होती. हात सुटत होते.

इकडे रोपाने मान टाकली. बायका जमल्या, एकच गलका झाला. "भिवरे, बघतेस काय? हंडा आण! भाऊ चाललाय तुझा!" भिवराला काही सुचेना. तिने हंडा उचलला आणि रोपावर उलटा केला. भडभडभड पाणी पडायला लागलं. तपेलं काठोकाठ भरलं.

तिकडे पाणी हैबतीच्या हनुवटीला लागलं. मग ओठाला. त्याने तोंड वर केलं. आता फक्त नाक वर.

अरे, हात नका दाबू माझा इतका. ऐका तर खरं.

हंडा अजून अर्धा होता. तेवढ्यात रोपाचं एक पान गळलं आणि भिवराच्या मनगटावर पडलं. तिने ते मुठीत धरलं. मूठ आवळली, तर बोटांमधून काय यावं? पाणी! पिवळं, आंबूस पाणी. पान नव्हतंच ते, पाण्याची पिशवी होती नुसती.

भिवरा तशीच थांबली. "काकी," ती म्हणाली, "तहानलेल्याच्या अंगातून पाणी गळतं का हो?"

"काय बडबडतेस? ओत ओत!"

"नाही ओतणार. हे तहानलेलं नाही. हे बुडतंय."

तिने हंडा खाली ठेवला. तपेलं उचललं, अंगणात नेलं आणि उपडं केलं. चिखलाचा लगदा बाहेर आला. काय घाण वास! मुळं बघितली तर काळी, शेवाळासारखी बुळबुळीत. हात लावला की तुटायची. आणि ती कुज वर चढत होती, देठातून वर वर चढत होती.

आता काय करायचं? कुजलेलं कापायला हवं, नाहीतर सगळंच जाणार. पण म्हातारी काय म्हणाली होती? याला होईल ते त्याला होईल. मग हे कापायचं म्हणजे कुणाला कापायचं?

भिवरा विळीवर बसली. सारजाकाकी ओरडली, "अगं कैदाशिणी, भावावर विळी चालवतेस?" भिवराने डोळे मिटले नाहीत, बरं का. डोळे मिटून कापता येत नाही. तिने मुळं छाटली. आतून देठ काळा. तिकडे विहिरीत वरून एक धोंडा सुटला आणि हैबतीच्या कानाजवळून गेला. तिने थोडं वर कापलं. देठ तांबूस. तिकडे दुसरा धोंडा आला आणि त्याचा खांदा खरचटून गेला. भिवरा रडत होती, पण हात चालू होता. आता वर शेंड्याचं एकच पान धड उरलं होतं. एकच. तिने त्या पानाच्या अगदी बुडाशी विळी लावली.

"दादा, सोस," म्हणाली आणि कापलं.

तिकडे मोठा थोरला धोंडा आला, हैबतीच्या पायावर आदळला आणि तसाच खालच्या खडकावर जाऊन फुटला. खडकाला भगदाड पडलं. गुड् गुड् गुड् करत सगळं पाणी जमिनीच्या पोटात निघून गेलं. हैबती कपारीवरून घसरला आणि तळाशी चिखलात पडला. पाय मोडला होता. पण नाका-तोंडात वारा होता. तो पोटभर श्वास घेत पडून राहिला.

भिवराने ते पान हातात घेतलं. आतून हिरवंगार, घट्ट. तिने जुनं फुटकं मडकं शोधून आणलं. त्यात विटांचे तुकडे घातले, वर ओढ्यातली जाडी वाळू घातली. पान पुरलं नाही, नुसतं वर ठेवलं. मडकं पूर्वेच्या खिडकीत ठेवलं, सकाळचं कोवळं ऊन येतं तिथे. आणि पाणी? थेंबसुद्धा घातला नाही.

पाणी घालणं सोपं हो. न घालता बसणं फार कठीण. बायका येऊन बोलून जायच्या. "भाऊ मरतोय आणि हिच्याच्याने चूळभर पाणी घालणं होत नाही!" भिवरा ऐकून घ्यायची. हात आपोआप तांब्याकडे जायचा. मग ती दोन्ही हात पदरात गुंडाळून खिडकीशी बसायची.

पण तिकडे हैबतीचा घसा कोरडा पडला होता. वरती राजाची माणसं, खाली हा. पाणीही नाही, आवाजही नाही. जीभ टाळूला चिकटली. इकडे पानाला बारीक सुरकुती पडली.

मग भिवराने वाळूत बोट घातलं. खोलवर घातलं. वाळू कोरडी, वरपासून तळापर्यंत कोरडी. "आता तहान लागली," ती म्हणाली. तिने चुळकाभर पाणी घेतलं आणि पानाच्या कडेकडेने वाळूत सोडलं. जास्तीचं पाणी मडक्याच्या भोकातून टिपटिप निघून गेलं. मग ती पुन्हा हात गुंडाळून बसली.

तिकडे विहिरीच्या भिंतीतून एक बारीक धार आली. हैबतीने ओंजळ धरली. प्यायला, तोंडावरून हात फिरवला. धार थांबली.

असं चाललं. वाळू वाळली की चुळकाभर पाणी, नाही वाळली तर नाही. आणि एके दिवशी काय झालं, पानाच्या एका खाचेत हिरवा ठिपका दिसला. मग दुसऱ्या खाचेत. ठिपक्यांची इवली इवली पानं झाली आणि त्यांच्या खालून पांढरी, सुतासारखी मुळं निघाली. वाळूत शिरली आणि वाळू घट्ट धरून बसली.

तिकडे विहिरीच्या काठाला पांढरं पांढरं काहीतरी फुटलं. राजा म्हणाला, "हे काय?" बघता बघता मुळांचं जाळं झालं. जाळ्याने ढासळती माती आवळून धरली. मग त्यातलं एक मूळ खाली उतरलं. मनगटाएवढं जाड, दोरासारखं लांब. हैबतीच्या तोंडासमोर येऊन हललं. त्याने हात लावला. ओलं होतं, जिवंत होतं.

त्याने मूळ कमरेला बांधलं. एका पायाने रेटा देत, दोन्ही हातांनी ओढत वर चढायला लागला. हात सुटायचा, पुन्हा धरायचा. अर्ध्यावर आल्यावर त्याला वाटलं, आता नाही होत. तेवढ्यात वरून आवाज आला, "ये रे, ये! काठ पक्का आहे!" राजा स्वतः पालथा पडून हात खाली सोडून होता. त्याने हैबतीचं मनगट पकडलं आणि ओढलं. हैबती बाहेर आला. सगळं गाव रडलं.

आणि त्या फुटलेल्या खडकातून पुढे गोड पाण्याचा झरा लागला. विहिरीत बेताचं, नितळ पाणी उभं राहिलं. हत्तीसुद्धा प्याले.

मग राजाने हैबतीला पालखीत बसवून घरी पाठवलं. भिवरा दारातच होती. भावाचा पाय बघितला आणि तिथेच खाली बसली. हैबतीने सगळं सांगितलं. गुडघाभर पाणी कधी आलं, अंधार कधी झाला, धोंडे कसे पडले. भिवरा पांढरीफटक पडली.

"दादा, ते पाणी मी ओतलं. अंधारात मी ठेवलं. आणि तुझा पाय... तो पण मीच..."

हैबतीने मोडका पाय हाताने उचलून सरळ ठेवला. मग म्हणाला, "घसा फाटत होता तेव्हा एक धार आली. ती कुणाची होती?"

"ती पण माझीच."

"मग रडतेस कशाला? भाकरी टाक. भूक लागलीय मला."

भिवरा हसली, रडली, उठली आणि तवा ठेवला. हैबती थोडा लंगडायचा पुढे, पण विहिरी खणायचा थांबला नाही. भावाचं पान भिवराने खिडकीतच जपलं आणि त्याच्या खाचांमधली जास्तीची पिल्लं गावभर वाटली. सारजाकाकीलाही दिलं, आणि देताना बजावलं, "काकी, आधी वाळूत बोट घालायचं, मगच तांब्याला हात लावायचा." काकी म्हणाली, "कळलं गं बाई, कळलं." सगळे सुखाने नांदले, आणि तेही सुखाने नांदोत ज्यांनी ही गोष्ट ऐकली.

झाली गोष्ट. आता गप्प डोळे मिटा पाहू. पाय आत घ्या, गोधडी अंगावर ओढा. निजा.