भिवरा निजली तेवढी जागा

आमच्या डोंगराला माथ्यापर्यंत झाडी होती, तेव्हाची ही गोष्ट. त्याला फार वर्षं झाली. तेव्हा उतारावरची झाडं तोडायची, जाळायची, राखेत तीन वर्षं नाचणी घ्यायची आणि मग तो उतार बारा वर्षं रानाला परत द्यायचा, अशी रीत होती. उतार विसाव्याला गेला की भिवरा नावाची बाई वाटेवर दोन झाडांना आडवी वेल बांधायची. ती वेल वाघसुद्धा ओलांडत नसे, असं म्हणतात. मग माणसांची काय बिशाद!

एका साली टोळधाड आली आणि उभी नाचणी खाऊन गेली. भिवरेची विधवा लेक दोन पोरं घेऊन माहेरीच राहत होती. पोरांची पोटं पाठीला लागली. समोर एक उतार पाचच वर्षं विसावलेला होता. भिवरेनं आपल्या हातानं त्याची वेल सोडली. कुंपणानंच शेत खाल्लं. मला मात्र तिचा राग येत नाही. भुकेलं नातवंड मांडीवर असताना बारा वर्षं कोण मोजणार?

पण गावानं ते पाहिलं. "तुझ्याच नातवांना पोट हाय, आमच्या पोरांना नाय का?" म्हणत लोक कोयते घेऊन निघाले. त्या साली सगळ्या वेली सुटल्या. नाचणी अमाप पिकली, नातवंडं जगली. पुढं कुणी तिला वेल बांधू दिली नाही. दर पावसाळ्यात माती वाहून गेली. नातवंडांना पोरं झाली तोवर खडक उघडा पडला, झरा आटला, आणि ती पोरंही उपाशी निजू लागली. भिवरा हे सगळं बघायला जिवंत होती.

शेवटी ती त्याच उतारावर जाऊन आडवी झाली. नातू आर्जवं करायला आला, तर म्हणाली, "मी निजले तेवढ्या जागंला तरी कोयता लावू नगा रं." ती सात पावसाळे उठली नाही, असं म्हणतात. वणवा तिला वळसा घालून गेला. तिच्याभोवती करवंदीच्या जाळ्या आल्या, मग हिरडा आला. एक दिवस पाहिलं तर झाडंच होती, भिवरा नव्हती.

ती झाडंही पुढं कुणीतरी तोडली. कुणी, ते गावात कुणी सांगत नाही.

आता माती पायथ्यालाच काय ती उरली आहे. पेरणीच्या दिवशी प्रत्येक घरचं एक माणूस आपल्या वावरात निजतं आणि तेवढी जागा भिवरेच्या नावानं पेरत नाहीत. पूर्वी घरातला सगळ्यात उंच माणूस निजायचा. हल्ली सगळ्यात लहान मूल निजवतात, तेही पाय पोटाशी घ्यायला लावून.